साल, स्त्रीलिंगी

स्पॉल्डिंगच्या बाहेर, जिथे जमीन इतकी सपाट
की उद्याची बस आजच दिसावी,
तिथल्या एका थंडगार शेडमध्ये मी फळं सोलते.
रात्री दहा ते सहा.
अननस, संत्री, खरबूज; पुन्हा अननस.
गर डब्यात जातो, डबा लंडनला,
साल पट्ट्यावरून घरंगळत बाहेरच्या कंटेनरात.
पुढे कुठे जाते, कोणी विचारत नाही.

आपल्यात साल ती, आणि साल ते.
एक फळाची, एक आयुष्याचं.
दुसरी इथे अकरा झाली.
पहिलीचा हिशोबच नाही.

फॅक्टरीतलं काही घरी न्यायचं नाही,
देठसुद्धा. भिंतीवर नियम सहा भाषांत आहे.
आपली त्यात नाही, पण कळतो.
म्हणून संत्री शनिवारच्या बाजारातली,
मेण चोपडलेली, चकचकीत;
तेल थापलेल्या पोराला न्हाऊ घालावं
तशी मीठ लावून कोमट पाण्यात घासते.
आतला पांढरा भाग खरवडते, सगळा नाही.
थोडं कडू असावं.
रेडिएटरवर पेपर, पेपरावर साली.
दोन दिवसांत त्या कानांसारख्या वळतात
आणि खोलीत एक वास
भाडं न देता राहू लागतो.

केटल इथे कामाची नाही.
ती खट् म्हणते आणि मोकळी होते.
याला पातेलंच हवं, आणि शेजारी उभं राहणारं माणूस.
मूठभर साली, पेराएवढी दालचिनी,
चार मिरी, दोन लवंगा,
वेलदोड्याची टरफलं
(दाणे दिवाळीच्या खिरीत गेले),
सुंठ, नाकाला कळेल एवढीच.
चार कपांचे तीन होईपर्यंत हलायचं नाही.
मध नंतर. उकळत्यात कधीच नाही.

"हा चहा नव्हे," दानूते म्हणाली, "यात चहाच नाही."
खरंय. काढा, म्हटलं.
म्हणजे काय?
म्हणजे, आत असेल ते बाहेर काढा.
ती हसली. मग लॉकरमधून
विल्नियसला राहिलेल्या मुलाचा फोटो काढला,
आणि ब्रेक संपल्याची घंटा आम्हाला ऐकू आली नाही.

जानेवारीत एका पहाटे गेटवर डेरेकने
बॅग उघडायला लावली.
दानूतेसाठी आणलेली डबी; ती आलीच नव्हती.
तो डबीकडे बघतोय, मी त्याच्याकडे.
घरच्या आहेत, म्हटलं. बाजारच्या. खोकल्यावर.
सालींची पावती कोण ठेवतं?
त्याने हुंगलं. बत्तीस वर्षांच्या सिगारेटी
छातीत खरखरल्या.
झाकण लावत हळूच म्हणाला, "कसं करतात?"

हातांनी दाखवलं: एवढ्या. एवढा वेळ.
आठवड्याने एक बरणी भरून दिली.

मार्चमध्ये बरणी परत आली, रिकामी नव्हे:
त्याच्या परसातल्या, शेडमध्ये जपलेल्या
सफरचंदांच्या साली.
बारीक बारीक तुकडे, ओलेच भरलेले.
"हेझल अख्खं फळ एका दमात सोलायची,
साल तुटायची नाही," म्हणाला.
"मला जमत नाही ते."

घरी येऊन झाकण उघडलं.
हिरवट, केसाळ बुरशी.
कचऱ्यात टाकल्या. बरणी दोनदा धुतली.
हाताला वास राहिला तो बुरशीचा नव्हता, सफरचंदाचाच.

सोमवारी सांगितलं, मस्त झाला.
घसा अगदी मोकळा झाला.
खोटं बोलले, डोळे न हलवता.
आणि बॅगेची चेन लावताना, सहज वाटावं असं:
डेरेक, पुढच्या वेळी रेडिएटरवर ठेव.
दोन दिवस. खाली पेपर घालून.

तो वही बाजूला सारून
फार गंभीरपणे म्हणाला, "कुठला पेपर?"

कालचा, म्हटलं.
कालचा चालतो.